‘हिबिके! युफोनियम’मधल्या कुमिको आणि रेइनाचं जमलं असतं का?

प्रश्न असा आहे: ‘हिबिके! युफोनियम’ या शाळेच्या वाद्यवृंदावरच्या जपानी ॲनिमे मालिकेतल्या कुमिको आणि रेइना इतक्या जिवलग मैत्रिणी आहेत, तर प्रेमाच्या नात्यात त्यांचं जमलं असतं का, की चाहते उगाच बादरायण संबंध जोडतात?

जमलं असतं. मला यात तिळमात्र शंका नाही. पण ते पटवून द्यायला सगळे जी क्लिप पाठवतात, पहिल्या सीझनच्या आठव्या भागातली टेकडीवरची, ती पुरावा म्हणून कच्ची आहे. भक्कम पुरावा तिसऱ्या सीझनच्या बाराव्या भागात आहे, आणि नेमक्या त्याच भागावर बोट ठेवून लोक म्हणतात की रेइनाने कुमिकोला दगा दिला. हा वाद मी पुष्कळदा घातलाय, म्हणून सविस्तर लिहिते. मालिका शेवटपर्यंत पाहिली नसेल तर इथेच थांबा. पुढे काहीही राखून ठेवलेलं नाही.

आधी टेकडीचं बघू. 5 जूनची रात्र, उजी शहरातली आगाता देवळाची जत्रा. ही जत्रा खरोखर भरते. 5 जूनच्या रात्रीपासून 6 च्या पहाटेपर्यंत चालते आणि मध्यरात्रीच्या मिरवणुकीच्या वेळी वाटेवरचे दिवे मालवतात. देऊळ उजी नदीच्या पश्चिमेला, ब्योदोइन मंदिराजवळ. दाइकिची टेकडी पूर्वेला, उजीगामी देवळाच्या मागे. उंची जेमतेम 130 मीटर, चढायला वीसेक मिनिटं. म्हणजे अख्खं शहर एका काठावर लोटलेलं असताना या दोघी दुसऱ्या काठाला जातात. मुळात वाद्यवृंदातल्याच शुइची या बालमित्राने जत्रेला बोलावलं ते टाळायला कुमिकोने शेजारून जाणाऱ्या रेइनाचा हात धरला आणि ‘मी हिच्यासोबत जातेय’ असं ठोकून दिलं. रेइनाने ती थाप खरी करून दाखवली. कुमिकोकडे युफोनियम, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, म्हणजे नुसतं वाद्यच चार-पाच किलोचं, वर पेटीचं वजन. रेइनाच्या पायांत टाचांच्या सँडल. वर पोचल्यावर रेइना सांगते की कुमिको स्वभावाने वाईट आहे, तिच्या चेहऱ्यावरची चांगल्या मुलीची साल सोलून काढावीशी वाटते, आणि ही प्रेमाची कबुली आहे. मग दोघी मिळून वाजवतात, रेइना ट्रम्पेट आणि कुमिको युफोनियम.

हारुका फुजिताने दिग्दर्शित केलेला हा भाग फार देखणा आहे, यावर माझा कुणाशीच वाद नाही. पण ओढ आहे, इतकंच त्यातून कळतं. जमेल का, हे कळायला दोघींपैकी एकीचं नुकसान व्हावं लागतं आणि त्याला दुसरी कारणीभूत असावी लागते. आठव्या भागात कुणाचंच काही पणाला लागलेलं नाही.

त्या रात्रीच्या वादनाकडे मात्र नीट कान द्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ट्रम्पेट आणि युफोनियम दोन्ही बी-फ्लॅट पट्टीची वाद्यं. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर साधारण 1.4 मीटर भरते, युफोनियमची जवळपास दुप्पट. म्हणून ते बरोबर एक सप्तक खाली बोलतं. ट्रम्पेटची नळी बराच वेळ एकाच जाडीची राहते, त्यामुळे आवाज टोकदार. युफोनियमची सतत रुंदावत जाते, त्यामुळे आवाज गोल आणि भरीव. नुसत्या सप्तकात वाजवतानाही एकीचा सूर किंचित सरकला तर आवाजात लाटा येतात आणि त्या लगेच कानाला टोचतात. एकीकडे षड्ज आणि दुसरीकडे गांधार असेल तर गांधारवालीने पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली यायचं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), नाहीतर जोड आंबट लागते. हे बोटांनी होत नाही. ओठांनी आणि श्वासाने, समोरचीला ऐकत ऐकत करावं लागतं. आपला सूर चुकलाय असं समोरचीच्या आवाजावरून कळलं की रुसायला वेळ नसतो, पुढच्या ठोक्याच्या आत दुरुस्त व्हावं लागतं. या दोघींचं नातं मला पहिल्यापासून असंच वाटत आलंय.

आता पहिल्या सीझनचा अकरावा भाग. ट्रम्पेटच्या एकल तुकड्यासाठी पहिल्या वर्षाची रेइना आणि तिसऱ्या वर्षाची काओरी यांची सभागृहात पुन्हा चाचणी होते, कारण वाद्यवृंद शिकवणाऱ्या ताकीसरांनी ओळखीपाळखीतून रेइनाला निवडलं अशी कुजबुज पसरलेली असते. रेइनाचे वडील व्यावसायिक ट्रम्पेटवादक, सरांच्या ओळखीचे. तेवढं बोलायला लोकांना पुरतं. चाचणीआधी रेइना कचरते. काओरीची ही शेवटची संधी आहे, आपण मुद्दाम हरलो तर? कुमिको तिला हलू देत नाही. तुला विशेष व्हायचंय ना, मग वाजव. पाठ फिरवणार नाहीस ना, असं रेइना विचारते, तेव्हा कुमिको म्हणते, फिरवली तर मारून टाक मला, आणि ही प्रेमाची कबुली आहे. टेकडीवर रेइनाने वापरलेले शब्द कुमिको इथे परत करते. दोघींचं वाजवून झाल्यावर सभागृहात टाळ्यांची वेळ येते. बहुतेक सगळे गप्प बसतात. काओरीवर जीव टाकणारी ट्रम्पेटवादक युको तिच्यासाठी टाळ्या वाजवते. रेइनासाठी पहिली उभी राहते ती कुमिको, सीनियर मुलींच्या देखत.

कुमिकोने नेमकं वचन काय दिलं, ते बघा. ‘मी नेहमी तुझ्या बाजूने मत देईन’ असं तिने कुठेच म्हटलेलं नाही. जो आवाज सरस तोच पुढे, हा नियम तू स्वतःला लावलास, तो तुला मोडू देणार नाही, हे तिचं वचन होतं. दगा-दगा म्हणणारे हा भाग विसरून तिसऱ्या सीझनच्या बाराव्या भागाबद्दल बोलतात.

तिसऱ्या सीझनमध्ये कुमिको वाद्यवृंदाची अध्यक्ष, शुइची उपाध्यक्ष, रेइना ड्रम मेजर, म्हणजे संचलनात वाद्यवृंदाच्या पुढे चालणारी. शेवटचं वर्ष. स्पर्धेच्या स्वनिवडीच्या रचनेत ट्रम्पेट आणि युफोनियमची सोली आहे, म्हणजे दोन्ही वाद्यांचा मिळून वाजवायचा ठळक तुकडा. ट्रम्पेट रेइनाचं, यात प्रश्नच नाही. युफोनियमवर कुमिको की सेइरा मुलींच्या शाळेतून बदलून आलेली, स्वतःचं चंदेरी युफोनियम घेऊन आलेली मायु? प्रांताच्या फेरीत कुमिको, त्यावरच्या कान्साई विभागाच्या फेरीत मायु, आणि राष्ट्रीय फेरीसाठी पुन्हा चाचणी. मायु वर्षभर म्हणत असते की मी माघार घेते. कुमिको प्रत्येक वेळी नाही म्हणते, कारण माघारीने मिळालेली जागा तिला नको असते. शेवटी दोघी पडद्याआडून वाजवतात आणि वाद्यवृंदातले सगळे मत देतात. कोण वाजवतंय हे त्यांना दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही. हा तुकडा हेडफोन लावून पाहा आणि निकालाआधी स्वतः मत ठरवा. भ्रमणध्वनीच्या स्पीकरवर युफोनियमचा खालचा भाग ऐकूच येत नाही, आणि मग दोन्ही वादनं सारखीच वाटतात.

मतं समसमान पडतात. उरतं एकच मत, रेइनाचं. ती मायुला निवडते.

दोन्ही वेळा ट्रम्पेट रेइनाच वाजवत होती. सभागृहात मागे बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला पडद्यामागचं ओळखू येणार नाही, पण जिने तीन वर्षं कुमिकोच्या आवाजाशी आपला सूर जुळवलाय तिला पहिल्याच श्वासाला कळतं. तिला कळलं होतंच. नंतर टेकडीवर ती ते रडत रडत सांगते. म्हणजे न ओळखून चुकून पडलेलं हे मत नव्हतं. बरं, सोलीत शेजारी कोण उभं राहणार याचं हे मत, म्हणजे तिचं स्वतःचंही नुकसान आहेच. कुमिकोसोबत राष्ट्रीय मंचावर वाजवायचं हे दोघींचं ठरलेलं होतं आणि पुढच्या वर्षी शाळाच नाही. तेही सगळ्यांच्या देखत, कुमिको पाच पावलांवर असताना.

‘खरं प्रेम असतं तर कुमिकोलाच मत दिलं असतं.’ हे वाक्य मला जितक्या वेळा ऐकवलं गेलंय तितक्या वेळा मी एकच गोष्ट विचारलीय: मग काओरीचं काय? तिसऱ्या वर्षाच्या मुलीची शेवटची संधी रेइनाने आवाजाच्या जोरावर घेतली होती, आणि काओरीने स्वतःच्या तोंडाने ‘हा तुकडा कोउसाकाने (म्हणजे रेइनाने) वाजवावा’ म्हटलं होतं. मैत्रिणीची पाळी आली म्हणून रेइनाने माप बदललं असतं तर तेव्हा काओरीकडून तिने जे घेतलं ती लूट ठरली असती. आणि काओरीला हरवणारी ती रेइना घडवली कुणी? अकराव्या भागात तिला कचरू न देणाऱ्या कुमिकोनेच.

मन राखण्यासाठी दिलेलं मत घरी नेऊन करायचं काय? कुमिकोला सोली मिळाली असती आणि मंचावरच्या प्रत्येक सुरात शंका वाजली असती की ही जागा माझी की रेइनाच्या मायेची. कुमिकोला हे त्या क्षणीच कळतं. ती उभी राहते, हा निकाल आपण सगळ्यांनी मिळून दिलाय आणि आता हाच सर्वांत चांगला संच आहे असं वाद्यवृंदाला सांगते, आणि अश्रू टेकडीपर्यंत राखून ठेवते. तिथे दोघी रडतात. कुमिको वाईट वाटल्याचं लपवत नाही, रेइनाही ‘माझा नाइलाज होता’ म्हणून अंग काढून घेत नाही. एवढा घाव बसल्यावर त्याच संध्याकाळी दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहून हे बोलू शकतात, आणि पुढच्या भागात एकाच मंचावर सुवर्णपदक जिंकतात. किती जोडप्यांना जमतं हे?

उलट उदाहरण याच मालिकेच्या विश्वात आहे. नाओको यामादाचा 2018 चा ‘लिझ आणि निळा पक्षी’ हा चित्रपट पाहा, मिझोरे आणि नोझोमीचा. जीवशास्त्राच्या वर्गात मिझोरे नोझोमीला मिठी मारून तिचं हसणं, तिचं चालणं, तिचं सगळं आवडतं म्हणून सांगते. नोझोमीचं उत्तर: मला मिझोरेचा ओबो (ती वाजवते ते वाद्य) आवडतो. एकीला माणूस हवंय, दुसरीच्या मनात त्या वादनाबद्दल कौतुक आणि सल दोन्ही. त्याही जिवलग मैत्रिणी आहेत, प्रेम तिथे कदाचित जास्तच आहे, पण जोडी म्हणून मी त्यांना नाही म्हणेन. दोघी वेगवेगळ्या गोष्टी मागतायत आणि ते एकमेकींना सांगू शकत नाहीत. तेव्हा कोणत्याही मालिकेतल्या दोन मैत्रिणींचं किंवा मित्रांचं जमेल का हे बघायचं असेल तर गोड प्रसंग सोडून द्या. भांडणं बघा. कुणी काय लपवलं, किती दिवस लपवलं, अबोला आधी कुणी मोडला.

या कसोटीवर कुमिको आणि रेइनालाही पैकीच्या पैकी गुण नाहीत. दुसऱ्या सीझनमध्ये ताकीसरांची पत्नी वारली आहे हे कुमिकोला उन्हाळी शिबिरातच कळतं आणि ती गप्प राहते. रेइना सरांवर जीव टाकते हे माहीत असूनही. नंतर शिक्षकांच्या खोलीत फोटो दिसल्यावर रेइनाला उलगडतं, ती तुटक वागते, पण अकराव्या भागात स्वतःच कुमिकोला टेकडीवर बोलावते. तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात याच्या उलट: सरांच्या निवडीबद्दल कुमिकोच्या मनात किंतु येतो, आणि रेइना तिला तोंडावर सांगते की तू अध्यक्ष म्हणून नालायक आहेस. दोन्ही ठिकाणी दोष ठरलेला. कुमिको कुणाला दुखवायला नको म्हणून आतल्या आत ठेवते. रेइनाला डळमळणारं माणूस सहन होत नाही. मोठेपणी एकत्र राहिल्या असत्या तर याच दोन गोष्टींवरून घरात रोज खटके उडाले असते. ते निस्तरले गेले असते असं मला वाटतं, कारण दोन्ही वेळा तुटलं नाही.

पाहण्याच्या क्रमाबद्दल, कारण निम्मे गैरसमज तिथूनच येतात. पहिला सीझन (2015), दुसरा (2016), मग ‘लिझ’ (2018), मग ‘चिकाई नो फिनाले’ हा 2019 चा चित्रपट, मग 2023 चा ‘एन्सेम्बल कॉन्टेस्ट’, मग तिसरा सीझन (2024). वेळ वाचवायला 2016 आणि 2017 चे संकलित चित्रपट पाहू नका. विशेषतः 2017 चा चित्रपट युफोनियम वाजवणारी सीनियर आसुका आणि कुमिकोभोवती फिरतो आणि रेइना बाजूला पडते. तेवढंच पाहिलेले लोक मग विचारतात की या दोघींमध्ये एवढं काय आहे. ‘चिकाई नो फिनाले’ गाळलात तर कुमिको आणि शुइचीचं काही काळ जमलं होतं आणि वाद्यवृंदाच्या कामापायी कुमिकोनेच ते थांबवलं, हे कळत नाही. सगळं पाहून झाल्यावर पहिल्या सीझनचा अकरावा आणि तिसऱ्याचा बारावा भाग एकाच बैठकीत लागोपाठ लावा. टाळ्या आणि मत समोरासमोर आले की दग्याचा मुद्दा निकालात निघतो.

आता राहिलेल्या गोष्टी. मालिका या दोघींना कधीही जोडपं म्हणत नाही. रेइनाचं प्रेम ताकीसरांवर आहे असं ती स्वतः सांगते. दुसऱ्या सीझनमध्ये नागोयाच्या राष्ट्रीय फेरीत ती भर सभागृहात ओरडून ते बोलून दाखवते. सर तिच्याकडे विद्यार्थिनी म्हणूनच पाहतात, आणि तेच योग्य आहे. त्यामुळे आज, या वयात, या दोघींचं काही होणार नाही हे मला मान्य आहे. मी बोलतेय ते स्वभाव जुळण्याबद्दल. ‘फक्त मैत्रिणी आहेत’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण त्या ‘फक्त’पुरतंच आहे. आणि दोघींच्या वाटा वेगळ्या होतात, हा अडसर खरा आहे. रेइनाला व्यावसायिक ट्रम्पेटवादक व्हायचंय, कुमिकोनेही संगीत महाविद्यालयात यावं अशी तिची इच्छा होती. कुमिको ते नाकारते आणि शेवटच्या भागाच्या अखेरीस किताउजी या त्यांच्या शाळेतच शिक्षिका म्हणून परत येते. एकीचं आयुष्य दौऱ्यांचं, दुसरीचं शाळेच्या घंटेचं. हे कसं निभावलं असतं याचं उत्तर मालिका देत नाही.

हे सगळं ॲनिमेपुरतं. आयानो ताकेदाच्या मूळ कादंबऱ्या वाचलेले लोक म्हणतील की तिथे राष्ट्रीय फेरीची सोली कुमिकोलाच मिळते, आणि शुइचीची बाजूही तिथे जास्त ठळक आहे. दोन्ही बरोबर. म्हणूनच कादंबरीतल्या कुमिको आणि रेइनाबद्दल तुम्ही हाच प्रश्न विचारला असता तर मी इतक्या ठामपणे हो म्हटलं नसतं. तिथे त्या मताची वेळच आली नाही.